मास्क सापडला! दोन खात्यांच्या सामायिक डिस्कची पुढची नोंद

लिनक्सवर एकच डिस्क दोन खात्यांना लिहिता-वाचता यावी, हा सगळा खटाटोप. सेटफॅकल (फाइलींवरचे हक्क ठरवणारी आज्ञा) चालवलं की सगळं सुरळीत, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या नव्या फाइलींवर पुन्हा ‘परमिशन डिनाइड’. मागच्या नोंदीत गाडं इथेच अडलं होतं. आता कारण हाती लागलंय: एसीएलचा मास्क. एसीएल म्हणजे कुणाला काय करता येईल याची फाइलीला जोडलेली यादी, आणि मास्क म्हणजे त्यातल्या गटाच्या हक्कांची कमाल मर्यादा. आणि तो रोज छाटणारा निघाला ‘आरसिंक -ए’, म्हणजे फाइली कॉपी करणारी आज्ञा.

आधी मार्गी लागलेल्या दोन गोष्टी.

दोन्ही खात्यांचे यूआयडी (खात्यांचे क्रमांक) जुन्या मशीनवर १००० आणि १००१ होते, नव्यावर नेमके उलटे. डिस्कवरची फाइल-व्यवस्था एक्स्ट४ मालकाचं नाव साठवत नाही, फक्त आकडा साठवते, म्हणून मालकांची अदलाबदल दिसत होती. सरळ १००० चे १००१ केले तर दोघांच्या फाइली एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा वेगळ्या काढता येत नाहीत. त्यामुळे मधे एक रिकामा आकडा घेतला: १००० चे ५०००, मग १००१ चे १०००, शेवटी ५००० चे १००१. प्रत्येक फेरीत फाइली शोधणाऱ्या फाइंडला -यूआयडी देऊन त्यावर मालक बदलणारी ‘चोन -एच’. हा -एच गाळला तर सिमलिंकऐवजी ती जिकडे बोट दाखवते त्या फाइलीचा मालक बदलतो, मग ती फाइल डिस्कबाहेरची का असेना.

दुसरी गोष्ट, डिस्कवरच्या परवानग्या बरोबर असूनही दुसऱ्या खात्याला आत शिरता येत नव्हतं. ‘नेमआय -एल’ने एका ओळीत उत्तर दिलं. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि मोड (हक्कांचा संच) ते ओळीने मांडतं; या कामासाठी याहून चांगलं हत्यार नाही. डेस्कटॉप आपोआप माउंट करतो तेव्हा /मीडिया/खातं हा फोल्डर फक्त त्याच खात्याला खुला असतो. यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) देऊन एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) /एसआरव्ही/घर असा माउंट केला आणि प्रश्न मिटला.

आता मास्क. सामायिक फोल्डरवर ‘घर’ गटासाठी डिफॉल्ट एसीएल (आतल्या नव्या फाइलींना मिळणारी) आरडब्ल्यूएक्स, म्हणजे वाचणं-लिहिणं-चालवणं, अशी होती. तरीही नव्या फाइलीवर गेटफॅकल (एसीएल दाखवणारी आज्ञा) असं दाखवत होतं: गट घर, आरडब्ल्यूएक्स, आणि शेजारी ‘इफेक्टिव्ह: आर--’. हक्क दिलेला आहे, पण मास्कने कापलेला. डिफॉल्ट एसीएल असली की युमास्क (नव्या फाइलींचे काही हक्क आपोआप काढून घेणारी सेटिंग) बाजूला राहतो हे खरं, पण फाइल बनवताना प्रोग्राम जो मोड मागतो त्यातले गटाचे बिट मास्कवर लागू होतातच. ०६६६ (सगळ्यांना वाचन-लेखन) मागितला तर मास्क आरडब्ल्यू, ०६४४ (लेखन फक्त मालकाला) मागितला तर नुसता आर, आणि तात्पुरती फाइल ०६०० ने (सगळं फक्त मालकाला) बनवली तर काहीच नाही. सीपी (साधी कॉपी) मूळ फाइलीचाच मोड मागतो. ‘आरसिंक -ए’मध्ये -पी दडलेला असतो, म्हणजे तो फाइल उतरवून झाल्यावर मूळचा ६४४ चमॉड करतो (मोड बदलून तो लावतो), आणि एसीएल असलेल्या फाइलीवर गटाचा चमॉड म्हणजे मास्कचाच चमॉड. फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस -एल’मधला गटाचा रकानाही अशा वेळी मास्क दाखवतो, गटाचा खरा हक्क नाही. सेटफॅकल -एम मात्र मास्क नव्याने मोजतो, म्हणून तो चालवला की त्या दिवसापुरतं सगळं दुरुस्त दिसायचं. फाइल मॅनेजरच्या परवानग्यांच्या खिडकीवर विसंबून हे कधीच कळलं नसतं.

आरसिंकचा उपाय: -ए काढून ‘-आरएलटी’, सोबत ‘--चमॉड=यूजीओ=आरडब्ल्यूएक्स’, यातला एक्स मोठा. -पी नसताना हा पर्याय नव्या फाइलींना मुक्कामाच्या फोल्डरचे हक्क देतो. मोठा -ओ पण लावा, नाहीतर दुसऱ्या खात्याच्या मालकीच्या फोल्डरची वेळ बदलताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येत राहतं.

उरलेल्या प्रोग्रामांसाठी दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) सेटफॅकल चालवायचा बेत होता. तो आता रद्द. खाती दोनच, दोन्ही एकाच गटात, मग नावानिशी एसीएल हवीच कशाला? ती नसेल तर मास्कही नाही. नवा क्रम असा: ‘सेटफॅकल -आर -बी’ने (इथे आणि पुढे -आर मोठा) सगळी एसीएल पुसायची, चजीआरपी -आर ने गट ‘घर’ करायचा, ‘चमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स’ (इथेही एक्स मोठा), मग फक्त फोल्डरांवर ‘जी+एस’ (सेटजीआयडी: आतल्या नव्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो) आणि फक्त फोल्डरांवरच ‘सेटफॅकल -डी -एम जी::आरडब्ल्यूएक्स’. शेवटच्या पायरीमुळे युमास्क बाजूलाच राहतो, आणि तेच हवंय: टर्मिनलच्या .बॅशआरसी फाइलीतला युमास्क ००२ डेस्कटॉपवरून उघडलेल्या प्रोग्रामांपर्यंत पोचत नाही. शिवाय ‘एलएस -एल’ पुन्हा खरं बोलू लागतं. चाचणीच्या फोल्डरवर हे उत्तम चाललं. टेक्स्ट एडिटर, ऑफिस, आरसिंक, तिन्हींच्या फाइली दुसऱ्या खात्याला लिहिता आल्या.

चमॉड -आर ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) सुचवणाऱ्यांसाठी: त्याने प्रत्येक फोटो एक्झिक्युटेबल होतो, आणि होम फोल्डरवर चालवलात तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करणारा प्रोग्राम) खासगी किल्ली वापरायलाच नकार देतं, कारण तिच्यावर गटाचा किंवा इतरांचा हक्क त्याला चालत नाही.

शिल्लक आहेत ते ०६०० च्या तात्पुरत्या फाइलीचं नाव बदलून सेव्ह करणारे आणि मोड तसाच सोडून देणारे प्रोग्राम. त्यांना ना एसीएल आवरते, ना सेटजीआयडी. फोटोंच्या फोल्डरपुरता बाइंडएफएस (फोल्डर वेगळ्या हक्कांनिशी दाखवणारी सोय) लावून, माउंटमधूनच गटाला वाचन-लेखन द्यायचा विचार आहे. बाइंडएफएस ज्यावर चालतं त्या फ्यूज या थरामुळे वेग थोडा पडेल. थंबनेल बनवताना तो किती पडतो ते मोजूनच पूर्ण डिस्कला हात लावायचा.