एनओसी मिळेपर्यंत: कुत्रीसोबत मुंबईत एम.ए. करताना

मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला एम.ए.साठी येताना मी राणीला सोबत आणलं. राणी म्हणजे आमची गावठी कुत्री. पप्पांची बदली झाली, कराडचं घर बंद झालं, आणि तिला कुणाच्या तरी दारात सोडून यायचं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पाळलेल्या जनावराला असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी लोक सर्रास सोडतात.

हॉस्टेलला प्राणी चालत नाहीत. पीजीवाले फोनवरच नाही म्हणाले. मग वर्गातल्या मैत्रिणीबरोबर वाकोल्यात वन बीएचके पाहिला. घरमालकीण काकूंनी राणीला बघून लगेच हो म्हटलं, डिपॉझिट ठरलं. इथपर्यंत काही अडचण आली नाही. त्यानंतर सोसायटीत जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सेक्रेटरी काका पहिल्याच भेटीत म्हणाले, "अगं, कुत्रा आपल्या सोसायटीत चालत नाही. ठराव झालाय तसा." मी ठरावाची प्रत मागितली. ती मिळाली नाही. "कमिटीपुढे ठेवतो, अर्ज दे." अर्ज दिला. पोच मागितली तर म्हणाले, "घरचंच आहे, पोच कशाला?" पुढे मीटिंगला कोरम झाला नाही. त्यानंतर गणपती आले. नंतर म्हणे मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आण. त्या आणल्या. समोरच्या आजींनी तर सहीबरोबर राणीसाठी पोळीही दिली. मग निघालं की महापालिकेचा कुत्र्याचा परवाना हवा.

इथे मी खरी अडकले. परवान्याच्या अर्जाला मुंबईतला पत्ता हवा. पत्त्यासाठी भाडेकरार हवा. काकू म्हणत होत्या, सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आल्याशिवाय करार नको, उगाच वाद नको. आणि एनओसीसाठी काकांना परवाना हवा. तोवर राणी मामाकडे डोंबिवलीला आणि मी रोज लोकलने ये-जा करत होते. सकाळच्या लेक्चरला वेळेत पोचायचं तर तिला अंधारातच फिरवून आणावं लागायचं. तोंडावर कुणी "नाही" म्हणत नव्हतं आणि लेखी "हो"ही देत नव्हतं. भांडायला समोर काही नसतं, तेव्हा माणूस जास्त थकतो.

सुटका कागदाने झाली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं मी छापून घेतली. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, आणि कुत्र्याला लिफ्ट वापरू न देणंही चालत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सोसायट्यांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवण्याचे नमुना नियम, तेही वाचले. सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सोसायटीला कळवावं लागतं. कराराच्या नोंदणीलाही सोसायटीची एनओसी लागत नाही. हे काकूंना दाखवलं तेव्हा त्यांना धीर आला. "पोरी, करून टाकू," म्हणाल्या. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन झाला, एजंट घरी मशीन घेऊन आला, आमचे अंगठे घेतले, झालं.

त्याच दिवशी सोसायटीला पत्र पाठवलं, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. भाषा साधी ठेवली: सोबत कराराची प्रत, रेबीजच्या लसीचा दाखला, मंडळाची तत्त्वं जोडली आहेत, आपली हरकत असल्यास कारणासह लेखी कळवावी. खाली "प्रत माहितीसाठी: उपनिबंधक, सहकारी संस्था", म्हणजे सोसायट्यांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी. पुढच्याच मीटिंगमध्ये विषय मंजूर झाला. एनओसीचा कागद हातात आला तेव्हा मला जो आनंद झाला, तो ॲडमिशनच्या यादीत नाव दिसलं तेव्हाही झाला नव्हता. पत्ता हातात आल्यावर परवाना विनासायास मिळाला.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या दिवसापासून पोच घ्या. देत नसतील तर अर्ज तिथे ठेवूच नका, पोस्टाने पाठवा. तोंडी वाद घालू नका, "लेखी द्या" एवढंच नम्रपणे म्हणत राहा. मात्र घरमालकाची गोष्ट वेगळी, त्याचं घर आहे, तो नाही म्हणू शकतो. तेव्हा कुत्रा आहे हे टोकन देण्याआधी सांगा आणि करारात तशी एक ओळ घालून घ्या. मी घातली होती. आपल्या बाजूनेही चूक राहू देऊ नका: जिन्यात, गेटवर पट्टा हातात, खाली घाण झाली तर स्वतः उचला. आमच्या कमिटीतले जे सगळ्यात जास्त विरोधात होते, ते आता राणीला नावाने हाक मारतात.

मुळात ज्याचं कॉलेज दिवसभर असतं त्याने एकट्याने कुत्रा आणू नये. आम्ही दोघींनी लेक्चर बघून पाळ्या लावल्या आहेत, परीक्षेत मामा येऊन तिला घेऊन जातो. खाण्याचा फार खर्च नाही, चिकनवाल्याकडून पाय आणि मान आणते, भातात शिजवते, मीठ-मसाला काही नाही. रेल्वेने आणणार असाल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. मी तिला मामाच्या गाडीतून आणलं.

लसीचं सांगायचं राहिलंच. रेबीजची दरवर्षी लागतेच, पण मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) आठवणीने विचारून घ्या. पावसात रस्त्यावर पाणी तुंबतं, त्यात उंदरांचं मूत असतं, आणि कुत्रं तेच पाणी चाटतं. घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करायचे, बोटांच्या मधे गोचीड बघायची. खासगी डॉक्टरांचं बिल झेपणार नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल ध्यानात ठेवा. ते १८८३ पासून आहे, कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. सकाळी लवकर जा आणि लसीचं कार्ड सोबत न्या.