तुम्ही विचारलंत म्हणून : तरवडाच्या पाकिटावर ‘चहा’ का नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तरवड या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या वाळवलेल्या फुलांचे पाकीट न्यायला येणारे बहुतेक जण ते उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, ‘अहो, हा चहाच ना? मग तसे लिहिले का नाही?’ सरळ उत्तर असे की, अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाचा माल, आणि आमच्या पाकिटात त्याचे एक पानही नसते. त्यावर ‘मग गवती चहाला चहा कसे म्हणता?’ असा प्रतिप्रश्न येतो. तो बिनतोड आहे.

खरे कारण नियमांच्या आधीचे आहे. पहिल्या वर्षी आम्ही ओळखीपाळखीत ‘तरवडाचा चहा’ म्हणूनच पुड्या वाटल्या. लोकांनी त्या फुलांचे तेच केले जे चहाचे करतात, म्हणजे आले ठेचून घातले, दूध ओतले, साखर घालून दहा मिनिटे उकळले आणि ‘पाणचट आहे हो’ म्हणून सांगितले. चहा म्हटले की जीभ चहाचीच वाट पाहते. तरवडाची पाचसहा वाळलेली फुले पेलाभर उकळत्या पाण्यात टाकून चार मिनिटे झाकून ठेवली, तर मधासारखा रंग येतो आणि चव किंचित तुरट, वाळल्या गवताच्या वासाची लागते. त्यात दूध घालणे म्हणजे सोलकढीत साखर घालण्यासारखे आहे.

तरवड काही दुर्मीळ नव्हे. घटस्थापनेनंतर घटावर पिवळ्या फुलांची माळ सोडतात ती पुष्कळ घरांत याचीच असते, आणि तेलंगणाने तर याच झुडपाचे फूल, तंगेडु, राज्यपुष्प केले आहे. साल कातडे कमावायला लागे, म्हणून चर्मकारांना ते आमच्याहून जुने ठाऊक. श्रीलंकेत ‘रणवरा’ या नावाने याची फुले आजही उकळून पितात. आपल्याकडे ते पिण्यातले राहिले नव्हते इतकेच. आम्हाला सासूबाईंच्या आठवणीतून मिळाले. गुजरातीत त्याला आवळ म्हणतात, त्यामुळे मराठी गिऱ्हाईक ‘आवळ्याचे का?’ असे हमखास विचारते आणि मग पाकिटावर दोन्ही नावे का, हे वेगळे सांगावे लागते.

फुले मही नदीच्या कोतरांतून, म्हणजे काठच्या घळींतून, येतात. वासदच्या बाजूच्या काही बायका ती सकाळी तोडतात, आणि महामार्गाला लागून असलेली झुडपे धुळीमुळे घ्यायची नाहीत, हे आमचे पहिल्यापासून ठरलेले आहे. या फुलात मध नसतो. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात आणि बाकीच्यांच्या टोकांना फक्त बारीक छिद्रे असतात. भुंगा येऊन अंग थरथरवतो तेव्हा त्यातून पराग पिठासारखे झडतात. तो गुणगुणाट ऐकत तोडणी चालते.

वाळवणे मात्र आम्ही चुकतमाकत शिकलो. उन्हात वाळवली तर पिवळेपणा जाऊन तपकिरी चुरा उरतो. आणि एका भाद्रपदात ओली फुले माळ्यावर जाड थरात पसरली, तर तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास आला आणि अकरा किलो माल टाकून द्यावा लागला. आता मलमलीवर एकेरी थर, सावली आणि पंखा. आमच्या काट्यावर साधारण सहा किलो ताज्या फुलांचे एक किलो वाळवण होते; किंमत जास्त का, याचेही उत्तर यातच आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न : ‘याने साखर उतरते ना?’ औषध म्हणून आम्ही हे विकत नाही. एका काकांनी आपल्या मनाने गोळ्या बंद करून हेच पिणे सुरू केले होते, तेव्हा त्यांना आम्ही डॉक्टरांकडे पाठवले आणि पाकीट परत घेतले. शिवाय हे झुडूप सोनामुखीच्या, म्हणजे जुलाबासाठी घेतात त्या वनस्पतीच्या, कुळातले आहे. म्हणून पाने आणि शेंगा आम्ही घेत नाही आणि स्वतःही दिवसाला दोन पेल्यांपलीकडे जात नाही. गरोदर बायकांनी विचारले तर देत नाही.

नवरात्राचे नऊ दिवस तोडणी बंद असते, कारण तेव्हा फुलांना माळांची मागणी असते आणि तोडणाऱ्या बायकांच्या घरीही सण असतो. या वर्षीचे पुढचे वाळवण त्यामुळे दसऱ्यानंतरच तयार होईल.