२४ तास १० मिनिटं

इटारसीला गाडी लागली तेव्हा घड्याळात रात्रीचे १०.४० झाले होते. वेळापत्रकात तिची वेळ १०.३०. फलाटावर थांबलेल्या माणसाला वाटणार, दहाच मिनिटं लेट, जानेवारीत आणखी काय हवं! प्रत्यक्षात ती आदल्या दिवसाची गाडी होती. २४ तास १० मिनिटं उशिरा आलेली. त्या दिवसाची खरी गाडी नुकतीच जबलपूर सोडून निघाली होती आणि तीही ३ तास २० मिनिटं मागे होती.

मी टीसी. इटारसी ते भुसावळ माझ्याकडे स्लीपरचे डबे होते. १०.५० ला गाडी सुटली. एस-५ मध्ये शिरलो तोच पाचव्या कंपार्टमेंटमधून आवाज ऐकू आले. सत्तरीचे एक काका, काकू, दोन बॅगा आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन वाटेत उभे. समोर ३३ नंबरवर तान्हं बाळ घेऊन एक बाई आडवी झालेली, ३६ वर तिची आई.

"साहेब, आमच्या जागेवर झोपलेत हे. उठवा जरा."

रात्री दहानंतर झोपलेल्या प्रवाशाला तिकिटासाठी उठवायचं नसतं. दहानंतर चढलेल्यांचं तिकीट मात्र तपासता येतं. म्हणून आधी काकांचं तिकीट मागितलं. गाडी नंबर बरोबर, डबा एस-५, बर्थ ३३ आणि ३६. दोन्ही लोअर, ज्येष्ठांसाठी मिळतात तसे. एचएचटीवर, म्हणजे आमच्या हातातल्या चार्टच्या मशीनवर, ३३ आणि ३६ समोर त्या मायलेकींचीच नावं होती, प्रयागराज छिवकीहून बसलेल्या. बाईने पडल्या पडल्या मोबाईल पुढे केला. दोन फोन शेजारी शेजारी धरले. वरपासून खालपर्यंत सगळं सारखं. फक्त एका ठिकाणी १२ आणि दुसऱ्या ठिकाणी ११.

"काका, तुमचं तिकीट बारा तारखेचं आहे. ही अकराची गाडी."

"अहो, आज बाराच आहे ना?"

त्यांचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच समजावणं अवघड होतं. काकू म्हणाल्या, "कालची गाडी आज कशी येईल? काल आली नाही म्हणजे रद्दच झाली असेल ना?"

नाही होत. एकदा सुरुवातीच्या स्टेशनातून सुटलेली गाडी वाटेत कितीही रखडली तरी बहुतेक वेळा शेवटपर्यंत जाते. बिहार-उत्तर प्रदेशात धुकं पडलं की लोको पायलटला सिग्नल दिसत नाही. स्टेशनवर १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की धुक्यातलं काम सुरू होतं. सिग्नलच्या अलीकडे किमान २७० मीटरवर, एकमेकांपासून १० मीटर अंतर ठेवून, रुळांवर दोन फटाके बांधतात. इंजिन त्यावरून गेलं की धडाड आवाज होतो आणि पायलटला कळतं, सिग्नल येतोय. आता इंजिनात जीपीएसचं यंत्रही असतं, पुढचा सिग्नल कोणता आणि किती लांब ते दाखवणारं. ते असलं तरी वेग ताशी ७५ च्या वर न्यायचा नाही, नसेल तर ६०.

पण नुसत्या कमी वेगाने २४ तास होत नाहीत. गाडीची ठरलेली वेळ एकदा हुकली की पुढच्या सेक्शनमध्ये तिच्यासाठी मोकळी जागा नसते. वेळेवर चाललेल्या गाड्या पुढे काढायच्या म्हणून ही लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. पहिले चार तास धुक्याचे असतात, पुढचे बरेचसे असे साचत जातात. शिवाय परतीची गाडी याच डब्यांची करायची असते. रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच, उशिरा पोहोचला की धुणं, ब्रेक, पाणी, तपासणी यात सहाएक तास जातात आणि ती गाडी निघतानाच उशिरा निघते. ३३ नंबरवरच्या बाईने आदली दुपार आणि रात्र स्टेशनवर काढली होती आणि त्या दुपारी बारापासून गाडीत होती. तिला उठवण्याचा प्रश्नच नव्हता.

आता काका-काकूंचं काय? नियमाने दुसऱ्या तारखेचं आरक्षित तिकीट या गाडीत चालत नाही. ते विनातिकीटच धरले जातात. पहिला मार्ग खंडव्याला उतरायचं. आम्ही तिथे सव्वा एकच्या सुमारास, त्यांची गाडी सव्वाचारला. त्यात एक मोठी अडचण असते जी प्रवाशांच्या लक्षात येत नाही. इटारसीहून बसणारे प्रवासी बर्थवर नाहीत असं दिसलं की मागच्या गाडीतला टीसी 'आले नाहीत' अशी नोंद करतो आणि जागा आरएसीला, म्हणजे एका बर्थवर दोघं बसवलेल्यांपैकी कुणाला तरी, जाते. म्हणून नुसतं उतरून चालत नाही. मागच्या गाडीच्या टीसीला आधी निरोप गेला पाहिजे. मी त्याला फोन लावून ३३ आणि ३६ तूर्त अडवून ठेवायला सांगितलं.

हे होईतो काकूंनी पर्समधून दुसरं तिकीट काढलं. मनमाडहून सकाळी साडेसातची परभणीची गाडी. कालची गाडी, म्हणजे आमची, मनमाडला सहाच्या आसपास पोहोचणार होती. त्यांची स्वतःची नऊ वीसच्या आधी नाही, तीही पुढे आणखी रखडली नाही तर. म्हणजे चुकून पकडलेली गाडीच त्यांना वेळेवर पोहोचवणार होती.

दोन्ही तिकिटं आधी जोडलेली आहेत का, विचारलं. २०१९ पासून दोन पीएनआर असे जोडता येतात. नाव, वय, लिंग दोन्हीकडे तंतोतंत एक हवं, आणि पहिली गाडी जिथे सोडायची तिथूनच दुसरी पकडायची हवी. मग पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर पुढच्या तिकिटाचे पैसे न कापता परत मिळतात. पहिली गाडी पोहोचल्यापासून ३ तासांत अर्ज करायचा. काकांच्या पहिल्या तिकिटावर काकूंचं वय ६६ होतं, दुसऱ्यावर ६५. जोडणी झालेलीच नव्हती. जोडगाडी असलेल्या कुणाही प्रवाशाने बुकिंगच्या वेळीच हे एकदा नीट बघावं, एका आकड्यावर सगळं अडतं.

राहिला दुसरा मार्ग: याच गाडीत राहायचं आणि रीतसर पावती करायची. इतक्या उशिराच्या गाडीत बरेच प्रवासी येतच नाहीत. एस-५ च्या ८० पैकी नऊ बर्थ रिकामे होते, आरएसी कुणी उरलं नव्हतं, आणि ५७ आणि ६० हे दोन्ही लोअर त्यात होते. पावती म्हणजे इटारसी ते मनमाड भाडं, वर तेवढाच दंड, दंड माणशी किमान २५० रुपये. दोघांचं मिळून हजाराच्या वर गेलं. दंड माफ करणं टीसीच्या हातात नसतं, हे मी त्यांना आधीच सांगितलं.

पण त्यांच्या स्वतःच्या तिकिटाचे पैसे बुडणार नव्हते. आपण जिथून बसणार त्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर भाडं पूर्ण परत मिळतं. ई-तिकीट असेल तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, ऑनलाइन भरायचा आणि तो गाडी आपल्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी. गाडी सुटली की संपलं. त्यांची गाडी इटारसीला १.५० ला येणार होती. आमच्याकडे पावणेतीन तास होते.

काका थोडा वेळ गप्प बसले. काकूंनी विचारलं, "खंडव्याला जिने आहेत का हो?" मी हो म्हणालो. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "करा पावती."

तिकीट परभणीच्या भाच्याच्या लॉगिनवरून काढलेलं. इटारसीनंतर रात्री फोनला रेंज येते आणि जाते. हरद्याच्या आसपास तो लागला. भाचा झोपेतून उठलेला, 'तिकीट रद्द करा' याच पर्यायावर जाऊ पाहत होता. चार्ट लागल्यावर तो उपयोगाचा नाही. टीडीआरमध्ये जायचं, पीएनआर निवडायचा, कारणात 'गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा आणि प्रवास केला नाही' हेच धरायचं, दोन्ही प्रवाशांपुढे खूण करायची. पहिल्यांदा त्याने एकाच नावापुढे केली होती. १२.२५ ला पोच आली. ती स्क्रीन जपून ठेवायला सांगितली.

असे घोळ टाळायला एक गोष्ट पुरेशी आहे. ॲपवर गाडी शोधताना 'सुरुवातीची तारीख' विचारतात, ती आपल्या तिकिटावरचीच असेल असं नाही. काकांच्या तिकिटावरची गाडी इटारसीला १२ ला येते, पण मूळ स्टेशनातून ११ ला निघते. काकांनी ॲपमध्ये १२ टाकली, तिथे 'अजून सुटली नाही' असं दिसलं, म्हणून त्यांनी ॲप बंद केलं आणि समोर आलेल्या गाडीवर विश्वास ठेवला. धुक्याच्या दिवसांत डब्यात पाय ठेवण्याआधी दारातल्या टीसीला एवढंच विचारावं: ही कुठल्या तारखेची गाडी?

मागच्या गाडीच्या टीसीला पुन्हा फोन करून कळवलं, ३३ आणि ३६ सोडून दे, ते दोघे माझ्याकडे आहेत. भुसावळला गाडी पुढच्या टीसीच्या ताब्यात देताना ५७ आणि ६० ची पावती दाखवली आणि मनमाडला दोघांना वेळेत उठवायला सांगितलं. काकू तोंडावरून शाल घेऊन झोपल्या होत्या. पाण्याचा कॅन काकांनी पायाशी आडवा ठेवला होता आणि त्याचं हँडल मनगटात अडकवलं होतं.

त्यांची गाडी इटारसीहून २.३५ ला सुटली. तिच्या एस-५ मध्ये ३९ नंबरच्या साइड लोअरवर दोन आरएसीवाले पाय दुमडून बसले होते. अडीचच्या पुढे एकाला ३३ मिळाला, दुसऱ्याला ३६.