पाळधीला लाल

आम्ही अप-डाऊनवाले घड्याळ कमी बघतो, स्टेशनं जास्त बघतो. धरणगाव आलं म्हणजे पत्ते वाटून एक डाव झालेला असतो. पाळधी आली की डाव आवरायचा, वरच्या फळीवरून पिशव्या काढायच्या आणि दाराकडे सरकायचं, कारण पुढे जळगावच. अमळनेर ते जळगाव एवढंच माझं विश्व, रविवार सोडून रोज.

गेल्या वर्षभरात मोबाईलची बॅटरीही मी स्टेशनांवरच मोजायला लागलो. २०२१च्या दिवाळीत घेतला तेव्हा सकाळी शंभर टक्के करून निघालो की संध्याकाळी घरी येऊन चपला काढेपर्यंत चाळीस उरायची. मग जळगावात उतरताना साठ राहू लागली. मग धरणगावलाच साठ. आणि या चैत्रात पाळधीला लाल. तीही हळूहळू नव्हे. ३४ दिसायचे, दोन मेसेज वाचले की ९. मधले पंचवीस कुठे गेले याचा हिशेब कोणाकडेच नाही.

माझा रेल्वेचा पास मोबाईलमध्ये आहे. टीसीसमोर बंद पडलेला मोबाईल म्हणजे सरळ विनातिकीट. "पास आहे साहेब, बॅटरी संपली," हे वाक्य ते दिवसातून किती वेळा ऐकत असतील कोण जाणे. एकदा तसं झालंच. आमच्या ग्रुपमधल्या आप्पांनी पॉवर बँक पुढे केली, टीसी बिचारे सज्जन, पडद्यावर उजेड येईपर्यंत उभे राहिले. ती दोन मिनिटं अख्खा डबा माझ्या मोबाईलकडे असा बघत होता, जसा ऑपरेशन थिएटरच्या दारावरच्या दिव्याकडे बघतात. चालू झाला, पास दिसला, आणि मागून कोणी तरी म्हणालं, "आता घ्या ना भो नवीन! किती जीव काढता त्याचा?"

घरी विषय निघाला तेव्हा मुलाची तयारी आधीच झालेली होती. त्याने तीन मॉडेल काढून ठेवली होती. त्यातलं मधलं अठरा हजारांचं, नऊ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते, महिन्याला दोन हजार. जुना एक्स्चेंजमध्ये दिला तर चौदाशे. आमच्याकडे मोबाईल वरून खाली झिरपत येतो, तापीच्या पाटाच्या पाण्यासारखा. माझा बायकोला, बायकोचा मायला. म्हणजे मी नवा घेतला की तीन माणसांचे मोबाईल बदलतात. म्हणून या निर्णयात सगळ्यांना रस. बायको मात्र म्हणाली, "अहो, तुमचा मेलेला मला कशाला? माझा बरा चाललाय." यात नकार होता की टोमणा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

माय ओट्यावर मूग निवडत होती. तिने विचारलं, "फोन लागस का? बोलता येस का?"

"हो, लागतो. सगळं होतं."

"मंग मरना कोठे?"

यावर मुलाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मला एकदम बरं वाटलं.

आता जुनं धरून ठेवण्याचं आम्हा अमळनेरकरांना वेगळं काही सांगायला नको. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा. त्याचीच पुढे विप्रो झाली. तेव्हाचे शेअरचे कागद ज्यांनी विकले नाहीत, ट्रंकेत पडू दिले, त्यांचं कसं सोनं झालं हे गावात शेंबड्या पोराला माहीत आहे. त्यामुळे इथे काहीही विकायला किंवा टाकायला निघालं की घरातलं एखादं म्हातारं माणूस हमखास म्हणतं, राहू दे, पडू दे. पण मोबाईल म्हणजे काही शेअर नव्हे. ट्रंकेत ठेवलेला मोबाईल वीस वर्षांनी फक्त फुगलेला मोबाईल होतो.

का होतो, हे मी थोडं वाचलं, आणि वाचताना हसू आलं, कारण ती आमचीच गोष्ट निघाली. या बॅटरीत लिथियमचे आयन असतात. त्यांचं काम एवढंच की एका टोकाच्या ऑक्साइडमधून दुसऱ्या टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये जायचं आणि परत यायचं. चार्जिंगला लावलं की जायचं, वापरायला काढलं की यायचं. शुद्ध अप-डाऊन! आणि रोजच्या रोज त्यातले काही प्रवासी परतीच्या गाडीला चुकतात. ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो, त्यात ते अडकतात ते कायमचेच. म्हणून गाडी तीच, डबे तेवढेच, पण प्रवासी कमी कमी. साधारण पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर अशी बॅटरी पहिल्याच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असं कंपन्या मोबाईलसाठी सांगत आल्या आहेत. माझ्या बॅटरीने साडेचार वर्षांत चौदाशेच्या आसपास फेऱ्या केल्या असतील. मी स्वतः तेवढ्या केलेल्या नाहीत, मला रविवार आणि सुट्ट्या असतात.

आणि उन्हाने हे सगळं वेगाने होतं. बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, ऊन आणि गळ्यापर्यंत भरलेलं पोट, आणि दोन्ही एकदम तर मुळीच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. जळगाव-भुसावळकडे तर ४५ म्हटलं की लोक "आज जरा बरंय" म्हणतात. अशा दिवसांत मी मोबाईल कुठे चार्ज करत होतो? पश्चिमेच्या खिडकीत, स्लॅबखाली, रात्रभर, शंभर टक्के होऊनही पिन तशीच लावलेली. त्या खिडकीत मायने बिबडे वाळवले असते तर दोन दिवसांत खडखडीत झाले असते. १९९१ साली सोनीने ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली आणि ज्या तिघांनी तिचा पाया घातला त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. तेही आमच्या खिडकीत चार उन्हाळे टिकले नसते.

तरी निर्णय होत नव्हता. तो झाला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी, कूलरपाशी.

आमचा कूलर लोखंडी आहे, बारा वर्षांचा. दर उन्हाळ्यात त्याच्या तिन्ही बाजूंचं गवत बदलायचं असतं. जुनं गवत काळं पडलेलं, क्षारांनी कडक झालेलं, हाताला टोचणारं. जाळी सोडवायची, गवत झटकून काढायचं, नवं पसरायचं, सुतळीने बांधायचं आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर तो ओल्या लाकडाचा वास. हे काम मी आणि मुलगा मिळून करतो. तो जाळी धरून उभा होता. मी सहज म्हणालो, "गवत कुजलं म्हणून आपण कधी नवा कूलर आणला का रे?"

तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही आता मोबाईलवर येणार."

हुशार आहे. पण मी आलोच. विहिरीवरची मोटार जळाली तर कोणी नवी मोटार आणत नाही, रिवाइंडिंगला टाकतो. कुकरची शिटी गेली तर शिटी बदलतो. गादीतला कापूस गोळा झाला तर पिंजून घेतो. बॅटरी म्हणजे मोबाईलचं गवतच, ते कुजणारच होतं. फरक इतकाच की कूलर बनवणाऱ्याने जाळीला कडी लावली, आणि मोबाईल बनवणाऱ्याने गोंद.

मुलगा मात्र एका मुद्द्यावर अडून राहिला आणि तो मुद्दा खरा होता. माझ्या मोबाईलला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालंय. बॅटरी नवी टाकली तरी ते परत सुरू होणार नाहीत, आणि पगार, गॅस, दूध, सगळं याच मोबाईलवरून जातं. अलीकडे गुगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या मोबाईलना सात-सात वर्षांचे अपडेट देतात, पण अठरा हजारांच्या खाली तेवढी उदारता सहसा नसते. यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तोडगा निघाला की बॅटरी बदलायची, मोठ्या रकमेचं खातं या मोबाईलवरून काढायचं, इथे फक्त चहापाण्यापुरतं खातं ठेवायचं, आणि बँकेचं ॲप कधी "या मोबाईलवर चालणार नाही" म्हणालं की त्या दिवशी नवा. पडदा फुटला असता किंवा चार्जिंगची पिनही ढिली झाली असती, तर मी मुलाचंच ऐकलं असतं. एका आजारावर खर्च करावा, चार आजारांवर करू नये.

कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये गेलो तर ते म्हणाले दोन दिवस ठेवून जा, आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं, एकवीसशे रुपये. दोन दिवस पास कुठून दाखवू? मग गोलाणी मार्केट. जळगावात मोबाईलचं काही अडलं की पाय आपोआप तिकडे वळतात. तिथल्या एका गाळ्यात पंचविशीचा पोरगा बसला होता. त्याने तेराशे सांगितले आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने "६ महिने" लिहून दिलं. कॉपी माल आठशेतही मिळेल म्हणाला, पण "तुम्ही घेऊ नका काका, परत माझ्याशीच भांडाल." या प्रामाणिकपणावर मी बसलो.

बसलो ते चाळीस मिनिटं. त्याने मोबाईल गरम पाटीवर ठेवला, पापड भाजतात तसा, बोटाने अंदाज घेत. मग पाठीला रबरी वाटी चिकटवून किंचित ओढलं आणि फटीत गिटार वाजवायची असते तशी प्लास्टिकची तिकोनी चकती सरकवली. ती कडेकडेने फिरताना गोंद तुटल्याचा बारीक चर्रर्र आवाज येत होता. पाठ निघाली. आतला पसारा पाहून मला आपल्याच पोटाचा एक्स-रे बघितल्यासारखं झालं. साडेचार वर्षं खिशात होतं ते हे? बारीक स्क्रू त्याने चुंबकाच्या पट्टीवर जसे निघाले त्याच क्रमाने मांडले. बॅटरी मात्र हटेना. तिच्याखाली त्याने सिरिंजने दोन थेंब स्पिरिट सोडलं, थांबला, आणि हातातली धारदार पट्टी मुद्दाम बाजूला ठेवून परत प्लास्टिकचीच घेतली. "हिला भोक पडलं ना काका, तर दुकान सोडून पळायचं," हे तो हसत म्हणाला, पण हात अगदी जपून चालत होता.

बाहेर आली ती मधोमध फुगलेली होती. कळण्याची भाकरी तव्यावर पापुद्रा सोडून टम्म होते ना, अगदी तशी. तो म्हणाला, अजून महिनाभराने हिने पडदा उचलला असता. बॅटरीने मला पाळधीपर्यंत पोचवलं तेच खूप झालं म्हणायचं.

त्याच्या पायाशी डब्यात अशा तीसेक बॅटऱ्या पडल्या होत्या. यांचं काय करता विचारलं तर म्हणाला, भंगारवाला नेतो. २०२२च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं रिसायकलिंग करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. त्या डब्यापर्यंत कोणी उत्पादक आलेला दिसला नाही. मायला दाखवण्यापुरता मी आमच्या बॅटरीचा फोटो काढला. तिने तो बघून भुवया उंचावल्या. "भाकर फुगनी ते चांगलं. हाई कसाले फुगनं?"

युरोपात म्हणे फेब्रुवारी २०२७ पासून नियम लागू होतोय, की मोबाईलसारख्या वस्तूंची बॅटरी साध्या हत्यारांनी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. काही सवलती आहेत, पण नियम तो. वाचून गंमत वाटली. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वी हे होतंच की! नोकिया हातातून पडला की त्याचे तीन तुकडे व्हायचे, झाकण एकीकडे, बॅटरी खाटेखाली, मोबाईल उंबऱ्यात. तिन्ही गोळा करून लावले की चालू. बॅटरीचं नावसुद्धा सगळ्यांना पाठ होतं, बीएल-५सी.

आता पाळधीला मला ८१ दिसतात. तरी सवयीने हात खिशात जातो आणि मी ब्राइटनेस कमी करतो. आप्पांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "भो, आता तरी उजेड करा."

परवा जळगावला निघताना मायने तिचा बटणांचा मोबाईल पुढे केला. त्याला मधोमध रबर लावलेलं. बायकोचा जुना मोबाईल आपल्याकडे येणार नाही हे तिला कळलं होतं आणि त्याचं तिला काही दुःख दिसलं नाही. "आते मना फोननी बॅटरी बी बदली दे," म्हणाली. चार दिवस चालायची, आता दोनच चालते, ही तिची तक्रार.

त्याच गाळ्यात गेलो. पोराने रबर काढलं, अंगठ्याच्या नखाने झाकण सरकवलं, जुनी बॅटरी तळहातावर पाडली, नवी बसवली. झाकण टक् वाजलं. मी खुर्ची ओढून बसायला निघालो होतो, तोवर त्याने रबरसुद्धा परत लावलं होतं.