हेडफोनमधला राजा, रिहर्सलमध्ये गायब

बरीच वर्षं मी बेस, म्हणजे खर्जाची गिटार, थेट अ‍ॅम्पला लावून वाजवला. एक केबल, अ‍ॅम्पवरचे चार नॉब, विषय संपला. आवाज बदलणारे इफेक्ट ही गिटारवाल्यांची हौस, आपण आपला खर्ज सांभाळावा, असं माझं ठाम मत होतं. बँडने दोन नवी गाणी घेतली आणि ते मत गुंडाळावं लागलं. एकात बेस खरखरीत, फाटका हवा होता. दुसऱ्यात सिंथसारखा जाड, एक सप्तक खाली उतरलेला. नुसत्या बोटांनी यातलं काहीच जमणार नव्हतं.

सुटी पेडलं घ्यायची म्हणजे ट्यूनर, आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, आवाज फाटका करणारा ओव्हरड्राइव्ह, सूर सप्तकभर खाली उतरवणारा ऑक्टेव्हर अशी चार डबडी, त्यांना जोडणाऱ्या चिमुकल्या केबली, पॉवर सप्लाय आणि हे सगळं मांडायला एक फळी. माझ्याकडे रिकामा होता तो फक्त बेसच्या बॅगेचा पुढचा कप्पा. म्हणून त्यात मावेल असं, हे सगळे इफेक्ट एकाच डब्यात देणारं छोटं मल्टिइफेक्ट युनिट घेतलं. दोन फूटस्विच, मोजके नॉब आणि पट्टीएवढा डिस्प्ले. एका वेळी पाच इफेक्ट, पन्नास पॅचची (म्हणजे इफेक्टांच्या जपून ठेवलेल्या जुळण्यांची) जागा, ट्यूनर, तालाचे ठेके, वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा तीस सेकंदांचा लूपर. चार पेन्सिल सेलवरही चालतं. वेगळा चालू-बंद स्विच नाही, इनपुटला केबल खुपसली की चालू. पहिल्याच रात्री केबल तशीच राहिली आणि सकाळी चारही सेल ठार. तेव्हापासून वाजवून झालं की आधी केबल काढतो, मग पट्टा.

पहिले काही दिवस कंपनीनेच भरून दिलेले फॅक्टरी पॅच फिरवण्यात गेले. हे पॅच नव्या माणसाला भुलवण्यासाठीच बनवलेले असतात. आवाज लहरता करणाऱ्या कोरसवर प्रतिध्वनीचा डिले, डिलेवर हॉलसारखा घुमणारा रिव्हर्ब, एकात तर प्रत्येक सुराला ‘व्वाव व्वाव’ असं तोंड फुटायचं. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण एकही पॅच गाण्यात वापरण्याजोगा नव्हता. खरा खजिना अ‍ॅम्पच्या मॉडेलांत, म्हणजे नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या नकलांत, सापडला. कंपन्या मूळ अ‍ॅम्पचं नाव सरळ लिहीत नाहीत, अर्धवट अक्षरं नाहीतर छोटं चित्र देतात आणि आपण ओळखायचं. १९६९ साली आलेला तीनशे वॉटचा अँपेग एसव्हीटी आणि त्याच्याखालचं आठ स्पीकरांचं कपाटाएवढं कॅबिनेट, ज्याला उचलायला दोन माणसं लागतात, त्याची नक्कल माझ्या तळहातावर होती.

मग स्वतःचा पॅच बांधायला घेतला. रात्री, हेडफोन लावून. खर्ज वाढवला, वरची चमक वाढवली, मधला भाग थोडा खाली केला. पुढे कॉम्प्रेसर, मागे अँपेगछाप अ‍ॅम्प, कॅबिनेट आणि चिमूटभर कोरस. काय आवाज होता! गुबगुबीत, काचेसारखा स्वच्छ, छातीत घुमणारा. मी एकच ओळ तासभर वाजवत बसलो होतो.

रिहर्सलला दुसऱ्या गाण्याच्या मध्यात ड्रमर थांबला. ‘अरे, तू वाजवतोयस ना?’

मी वाजवत होतो, चांगला जोरात. मास्टर व्हॉल्यूम वाढवला तर खोली घुमायला लागली, पण सूर कुठला ते कोणालाच कळेना. गिटारिस्टने तोंड वाकडं केलं आणि मी मुकाट्याने युनिट बायपास केलं, म्हणजे इफेक्ट वगळून मूळ आवाज सरळ पुढे सोडला. तत्क्षणी बेस ऐकू यायला लागला. तीच जुनी एक केबल आणि तेच अ‍ॅम्पवरचे चार नॉब.

घरी आल्यावर डोकं शांत करून विचार केला. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा. इतका खोल आवाज लहान स्पीकरला धड पेलत नाही. त्याच पट्ट्यात, थोडं वर, ड्रमरचा पायातला ड्रम ठोकत असतो. वरची चमक झांजा आणि गिटार खाऊन टाकतात. म्हणजे बँडमध्ये बेसला स्वतःची अशी जागा उरते ती मधल्या भागात, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये, आणि नेमका तोच भाग मी हौसेने कापला होता. हेडफोनमध्ये मी एकटाच होतो, भांडायला कोणी नव्हतं.

दुसरा घोळ याहून साधा. पॅचमध्ये कॅबिनेटची नक्कल चालू होती आणि तो आवाज मी खऱ्या अ‍ॅम्पच्या खऱ्या स्पीकरमध्ये सोडत होतो. स्पीकर वरच्या पट्टीतला बराच आवाज गाळतो. एकदा नकली गाळणी, मग असली गाळणी. गोधडीखालून बोलल्यासारखा आवाज आला नसता तरच नवल.

पुढच्या रिहर्सलला अर्धा तास आधी गेलो. गिटारिस्टला म्हटलं, ‘तू तोच चार बारचा तुकडा वाजवत राहा, थांबू नकोस.’ ड्रमरनेही साथ धरली. मी जमिनीवर मांडी घालून, नाक डिस्प्लेला टेकेल इतका वाकून बसलो. डाव्या हाताने मोकळी तार वाजवायची, उजव्या हाताने नॉब. कॅबिनेट बंद. खर्ज मूळ जागी. मग मिडचा, म्हणजे मधल्या भागाचा, नॉब हळूहळू वर. ६०० हर्ट्झच्या आसपास आवाज नाकातून बोलल्यासारखा व्हायला लागला. एकटा ऐकला असता तर मी तो लगेच खाली आणला असता, पण ड्रमरने माझ्याकडे न बघताच मान डोलावली. कोरसही काढून टाकला, कारण खालच्या सुरांना तो डळमळीत करत होता. राहिलं काय, तर कॉम्प्रेसर आणि अ‍ॅम्पचं मॉडेल. पाच जागांपैकी तीन रिकाम्या.

आठवड्याने तोच पॅच लावला तर मिड पुन्हा गायब! युनिट बिघडलं असं वाटून चरफडलो. दोष माझाच निघाला. ऑटोसेव्ह चालू होता. नॉब बॅगेत घासून फिरला असेल किंवा घरी मीच गंमत करताना फिरवला असेल, युनिटने तो बदल इमानेइतबारे जपून ठेवला होता. ऑटोसेव्ह बंद केलं. आता उलटी चूक होते, चांगलं जमलेलं सेव्ह करायला विसरतो. म्हणून प्रत्येक पॅचचे आकडे वहीत लिहितो. पेन्सिलीने, कारण बदलतातच.

कॉम्प्रेसर कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ओव्हरड्राइव्ह चालू केला की बहिऱ्यालाही कळतं, कॉम्प्रेसरचं तसं नाही. तो चालू असताना काही वेगळं वाटत नाही आणि बंद केला की काहीतरी हरवल्यासारखं होतं. हिशोब सोपा आहे. प्रमाण चारास एक ठेवलं, तर ठरवलेल्या मर्यादेच्या आठ डेसिबल वर गेलेला सूर फक्त दोन डेसिबल वर जातो. जोरात वाजलेले सूर दबतात, मग एकूण आवाज वाढवता येतो आणि हळू वाजलेले सूर पुढे येतात. गोम आहे ती तो पकड किती लवकर घेतो यात. मी तो वेळ, म्हणजे अटॅक, अगदी झटपट ठेवला होता, त्यामुळे बोट तारेवरून सुटतानाचा तो ‘टप्’ चिरडून जात होता. वाजवणारा माणूसच नाहीसा झाल्यासारखं वाटायचं. अटॅक तीसेक मिलिसेकंदांवर आणला तेव्हा बोट परत आलं. सोडण्याचा वेळही बघावा लागला. १२० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, अर्ध्या मात्रेचे सूर २५० मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. कॉम्प्रेसरने त्याहून उशिरा पकड सोडली तर पुढचा सूर जन्मतःच दबलेला.

फाटक्या आवाजाचं गाणं त्या मानाने लवकर सुटलं. ओव्हरड्राइव्ह पूर्ण लावला की खर्ज पातळ होतो, गिटारच वाजते आहे असं वाटतं. उपाय म्हणजे मूळ स्वच्छ आवाज त्यात मिसळणं. माझ्या युनिटमध्ये त्यासाठी एक आकडा आहे, तो अर्ध्यावर ठेवला. तळाला स्वच्छ बेस आणि वर खरखर. आवाजाची पातळी मात्र तीनदा बदलावी लागली. घरी फाटका पॅच जास्त मोठा वाटतो म्हणून खाली आणावा, तर बँडमध्ये तो मागे पडतो. पातळ्या जुळवायच्या त्या पूर्ण बँड वाजत असतानाच, हे मी आता घरी पातळीच्या आकड्याला हात न लावता पाळतो.

ऑक्टेव्हरने मात्र रडवलं. जाड तारेवर लावला की सूर अडखळायचा, घोगरा व्हायचा, मध्येच भलतीकडे उडी मारायचा. ४१ हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. एक-दोन आवर्तनं झाल्याशिवाय यंत्राला सूर ओळखताच येत नाही. वर त्याच्याकडून सप्तकभर खालचा सूर मागितला तर तो येतो २०-२१ हर्ट्झवर, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी वेशीवर. स्पीकर नुसता हलतो, ऐकू काही येत नाही. म्हणजे मी यंत्राला न ऐकू येणारं काहीतरी न कळणाऱ्या सुरातून काढायला सांगत होतो. मग ती ओळ एक सप्तक वर नेली, दुसऱ्या जाड तारेच्या सातव्या पडद्यापासून. आता यंत्र सूर चटकन ओळखतं आणि सप्तक खाली उतरून जिथे पोचतं तिथे अ‍ॅम्पलाही काही म्हणायचं असतं.

आणखी एक गोष्ट हाताला शिकवावी लागली. ऑक्टेव्हरला एका वेळी एकच सूर लागतो. बाजूची तार जराशीही गुणगुणली की त्याचा गोंधळ उडतो. उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारांवर टेकवत सरकवायचा आणि डाव्या हाताची मोकळी बोटं उरलेल्या तारांवर नुसती ठेवायची. पंधरा दिवस फक्त हेच केलं. गंमत म्हणजे याने इफेक्ट बंद असतानाचं वाजवणंही साफ झालं. बॉस कंपनीचा ओसी-२ हा ऑक्टेव्हर १९८२ साली आला. त्यालाही खालच्या सुरांवर अडखळायची खोड होती आणि लोक त्याच्यावर आजही जीव टाकतात. त्यामुळे माझ्या युनिटवर मी फार राग धरला नाही. साखळीत ऑक्टेव्हर सर्वांत पुढे, मग कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह. त्याला स्वच्छ सूर पाजावा, फाटका पाजला तर ओकतो.

लूपरचं थोडक्यात सांगतो. तीस सेकंद भरपूर वाटतात, पण बारा बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचं, ब्लूज आवर्तन ९० च्या लयीत बत्तीस सेकंदांचं होतं, म्हणजे शेवटच्या बारमध्ये लूपर हात वर करतो. ९६ ला बरोब्बर तीस सेकंद. त्यामुळे माझा रोजचा रियाज गेले कित्येक महिने ९६ च्या वरच्या लयीतच चालला आहे, संथ ब्लूज वाजवायची इच्छा असली तरी.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन नवे धडे मिळाले. सेलवर भरवसा नको म्हणून गिटारिस्टच्या पॉवर सप्लायमधून, एकाच वायरला अनेक पिना असलेल्या माळेतून, नऊ व्होल्ट घेतले. पिनची ध्रुवता तपासली होती, मध्यभागी ऋण. तरीही त्याच्या अ‍ॅम्पमधून डासासारखी बारीक ‘टीं’ सुरू झाली. माझ्या डिजिटल युनिटचा गोंगाट त्या सामायिक वायरीतून त्याच्या पेडलांत शिरत होता. मी त्या माळेतून बाहेर पडलो, नवे सेल घातले, डास मेला. आता माझा वेगळा अ‍ॅडाप्टर असतो.

दुसरं म्हणजे स्टेजवर बेसचा अ‍ॅम्पच नव्हता. साऊंडवाल्याने बेस थेट मिक्सरला जोडणारा डीआय बॉक्स पुढे केला आणि म्हणाला, ‘यात लाव, मिक्सरला घेतो.’ फाटका पॅच वाजवला आणि मोठ्या स्पीकरांतून मधमाश्यांचं पोळं फुटलं. आता गाळायला अ‍ॅम्पचा स्पीकर नव्हता, म्हणजे जी कॅबिनेटची नक्कल मी शिव्या देऊन बंद केली होती ती आज हवी होती. साऊंडचेकच्या उरलेल्या सहा मिनिटांत तीन पॅचमध्ये ती चालू केली आणि सेव्ह करायला विसरलो नाही. घरघर येत होती ती साऊंडवाल्याने डीआय बॉक्सवरचा, ग्राउंडची जोडणी तोडणारा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबून घालवली. त्या दिवसापासून प्रत्येक पॅच दोनदा ठेवला आहे, विसाच्या आत अ‍ॅम्पसाठी, विसाच्या पुढे मिक्सरसाठी.

पन्नासपैकी वापरात आहेत ते इतकेच, तीन आणि त्यांच्या तीन जुळ्या प्रती. एक अडचण मात्र सुटलेली नाही. पॅच बदलताना आवाज क्षणभर तुटतो. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण बेस तुटला की खालून जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून सिंथवाल्या गाण्यात ध्रुवपदाच्या आधीची शेवटची मात्रा मी रिकामी सोडतो आणि त्या रिकाम्या जागेत पाय मारतो. ड्रमरला तो विराम फारच आवडला. आता तोही तिथे थांबतो आणि मग दोघं एकदम कोसळतो. ही कल्पना कशी सुचली असं त्याने विचारलं होतं. मी नुसता हसलो.