टिंबाटिंबांची रेघ

दुपारी जरा आडवा झालो, डोळा लागला, आणि उठून आरशात पाहतो तर डोक्याची उजवी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट आणि मागे एक झुबका ताठ उभा. दाबला. सोडला. परत उभा. या वयात कुणी बघणार नसतं, तरी मला तो झुबका सहन होत नाही. का, ते विचारू नका.

लहानपणी आईचं माझ्या भोवऱ्याशी रोज सकाळी भांडण चालायचं. एका हातात माझी हनुवटी, दुसऱ्या हातात कंगवा, आणि डोक्यावर ओंजळभर पाणी. एक ओघळ कानामागून हमखास कॉलरमध्ये शिरायचा. "हलू नकोस!" मी हलायचोच. भांग मात्र असा बसायचा की वाटावं, आता हा जन्मभर हलत नाही. मधल्या सुट्टीत पळापळ व्हायची, घाम यायचा, आणि भोवरा पुन्हा हजर.

आईला केरॅटिन ठाऊक नव्हतं, पण तिचा प्रयोग रसायनाच्या दृष्टीनं चोख होता. केस म्हणजे केरॅटिन या प्रथिनाच्या साखळ्या. त्या एकमेकींना बांधणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक गंधकाचा, भक्कम, पाण्याला भीक न घालणारा. केस जळल्यावर जो घाणेरडा वास येतो त्यात या गंधकाचा वाटा मोठा. दुसरा हायड्रोजन बंध. एका साखळीतल्या हायड्रोजनला शेजारच्या ऑक्सिजनची ओढ वाटते, एवढंच त्याचं भांडवल. केस भिजला की पाण्याचे रेणू मधे घुसून स्वतःच ती जागा पकडतात, जुने बंध सुटतात. वाळताना केस जसा पडलेला असेल तसे नवे बंध जुळतात. सकाळी ते काम कंगवा करतो, दुपारी उशी.

शाळेत मला हा हायड्रोजन बंध अजिबात आवडायचा नाही. खरे बंध फळ्यावर ठसठशीत रेघेनं काढायचे, आणि हा टिंबाटिंबांनी. मला वाटायचं, धड बंधच नाही हा, पेन्सिलीनं काढून ठेवलेला, नको असेल तर खोडता येईल असा. तो ठसठशीत बंधाच्या साधारण एक विसांश ताकदीचा असतो हे कळल्यावर तर माझा तुच्छभाव पक्का झाला. वहीत मी ती टिंबं मुद्दाम कमी काढायचो, शाई वाचवायला.

आणि पाहावं तिकडे नेमकी हीच टिंबं. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यांच्यामुळे, त्यामुळे गोठलेल्या तळ्याखाली मासे जगतात. द्रव पाण्यात तर हे बंध कशाचीही वाट बघत नाहीत: सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले एक-दोन भाग टिकतात, की सुटतात आणि दुसऱ्याला धरतात. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणजे मी इथं नुसता बसलोय तरी आत केवढी धरसोड चालली आहे!

केसावरून हवेचं दमटपण मोजायची कल्पना सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाची. १७८३ साली त्यानं त्यावर ग्रंथच लिहिला. धुऊन तेलकटपणा काढलेला माणसाचा केस कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला की दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. त्याला काटा जोडला की झालं यंत्र. पुढे १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्समध्ये ॲस्टबरी या शास्त्रज्ञानं केस आणि लोकर ताणून, भिजवून, क्ष-किरणांखाली धरून आतल्या साखळीचा आकार ओळखायचा प्रयत्न केला. तो आकार सापडला लिनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला, आणि कसा, तर १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये सर्दीनं अंथरुणात पडला असताना. वाचून वाचून कंटाळला, मग कागदावर साखळी काढली आणि कागद दुमडत बसला. दुमडता दुमडता मळसूत्र तयार झालं, वेढ्याला वेढा हायड्रोजन बंधानं धरलेला. (मला सर्दी झाली की मला फक्त शिंका येतात.)

आनुवंशिक माहिती जपणाऱ्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्येही तीच टिंबं: समोरासमोरच्या अक्षरांच्या एका प्रकारच्या जोडीत दोन, दुसरीत तीन. भक्कम रेघा असत्या तर धागे उलगडलेच नसते, आणि न उलगडता नक्कल कशाची काढणार? माझ्या मते सबंध रसायनशास्त्रात याहून हुशार गोष्ट नाही: जे जपायचं ते ठसठशीत रेघेनं लिहायचं, जे उघडायचं ते टिंबांनी मिटायचं.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण डोळ्यांना दिसणारा केस मेलेला असतो. पेशी केव्हाच गेल्या, बंधांची धरसोड तशीच चालू. डीएनएचे धागे काचेच्या नळीत ९५ अंशांपर्यंत तापवले की वेगळे होतात, सावकाश गार केले की आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात, आणि नळीत जिवंत काहीच नसतं. म्हणजे जे काही जिवंत म्हणायचं ते या टिंबांतही नाही आणि रेघांतही नाही. मग ते आहे कुठे?

वरच्या वर्गात असताना हा प्रश्न मी रसायनाच्या सरांना विचारला होता. ते म्हणाले, "हे जीवशास्त्रात येतं." जीवशास्त्राच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, हे रसायन आहे. सरांना विचार."