वीस मिनिटांचा फॉर्म, सहा आठवडे

मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ, उतावीळपणा) असावा अशी शंका होती. तपासणी आणि थेरपीसाठी खानापूरहून दर शनिवारी बेळगाव कसं जमायचं, हीच धास्ती होती. ते काहीच नव्हतं. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना साधी सरकारी बस फुकट, म्हणून मला शून्य तिकीट, पोराचं अर्धं. अडलं ते गावातल्या शाळेत.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. डॉक्टरांनी त्याच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नांचे दोन फॉर्म दिले, एक घरचा, एक वर्गशिक्षिकेचा. एडीएचडी म्हणायला लक्षणं निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत, म्हणून शाळेचा फॉर्म हवाच. घरचा मी त्याच रात्री भरला.

शाळेचा सहा आठवडे लोंबकळला. बाई म्हणाल्या, हेडसरांना विचारा. हेडसर म्हणाले, इंग्रजीत आहे, सही करून उद्या अंगाशी आलं तर? मी प्रत्येक प्रश्नाखाली पेन्सिलीनं मराठी लिहून दिलं. मग बाईंचं ट्रेनिंग, मग परीक्षा, आणि मग कागदच सापडेना! (देण्याआधी झेरॉक्स काढा. मी काढली नव्हती, परत बेळगावची फेरी.) वर ऐकून घेतलं ते वेगळंच: "पोरगं हूड हाय, दोन फटके द्या, बसतंय की गप." अजून आठवलं की डोकं तापतं. शेवटी शाळा सुटल्यावर बाईंच्या शेजारी बाकावर बसले, एकेक प्रश्न वाचला, त्यांनी खुणा केल्या. वीस मिनिटं लागली. वीस!

पुढचं सुरळीत झालं. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे हालचाली आणि कामांतून रोजच्या गोष्टी जमायला शिकवतात त्यात, झोपाळा, उड्या, हातांनी भिंत ढकलणं. मला तो खेळच वाटला. थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की यानं एडीएचडी बरा होत नाही, पुरावाही अजून तोकडाच. वागणुकीचं मार्गदर्शन आणि लागलं तर औषध, हे डॉक्टर सांगतील तसं चालूच ठेवायचं. हे स्पष्ट बोलणं मला आवडलं. त्याच धर्तीवर घरी अभ्यासाआधी तो कणीक मळतो, पाण्याची कळशी आणतो. मग दहा-बारा मिनिटं तरी जागेवर टिकतो. आधी दोनही नव्हती.

हो, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मी दोन दिवस फुकट घालवले. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत एडीएचडी नाही. सोबत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकताना कायमची अडचण) असेल तर गोष्ट वेगळी.

आता बाई मधल्या तासाला त्याला वह्यांचा गठ्ठा ऑफिसात न्यायला लावतात. ताईंनीच तशी चिठ्ठी दिली होती. ती मात्र मी मराठीत लिहून घेतली, आणि झेरॉक्स काढूनच शाळेत दिली.